चिठ्ठ्यांचा रविवार

सरकत्या जिन्यानं उरायवानचं कमरेभोवती गुंडाळलेलं सिन धरलं ते शुक्रवारी सकाळी, बँकॉकच्या एका स्टेशनात, आणि तिनं खाली बघेपर्यंत वीतभर कापड त्या लोखंडी दातांत गेलंसुद्धा होतं. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी लाल बटण दाबलं, जिना हिसका देऊन थांबला आणि मागची सगळी रांग एकेक पायरी पुढं कोलमडली. रखवालदार कात्री घेऊन आला. “ताई, पाय शाबूत आहे ना? मग झालं तर,” असं म्हणत त्यानं उकिडवं बसून काठ कराकरा कापला, दातांतली चिंधी ओढून काढली आणि ग्रीसनं बरबटलेली ती चिंधी मोठ्या अदबीनं तिच्या हातावर ठेवली. जिना पुन्हा सुरू झाला. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वर जाऊ लागली. सेहेचाळीस वर्षांची बाई, विमा कंपनीत दावे तपासणारी, लोकांच्या जळक्या दुकानांचे आणि चेपलेल्या गाड्यांचे फोटो चहा पीत पीत बघणारी, ती जिन्याच्या तोंडाशी चिंधी घेऊन उभी राहिली आणि तिला काही केल्या पाऊल उचलता येईना. शुक्रवारी हातमागाचं नेसून यायचं असा ऑफिसचा नियम होता. बाकीच्या बायका सिन दुकानातून आणत, दर महिन्याला नवं. तिच्याकडं एकच होतं, निळं, आणि चार बोटांच्या लाल काठावर सात रंगांत वाहत्या पाण्याच्या पायऱ्यापायऱ्यांची नक्षी. आईनं विणलेलं. चोवीस वर्षांपूर्वी, नोकरी लागली तेव्हा. त्याच्या आधी नाही आणि त्याच्यानंतरही नाही.

ऑफिसात एका मुलीनं काठ दुमडून त्याला स्टेपलरच्या पिना मारून दिल्या. “आता कुणाच्या बापाला कळणार नाही,” ती म्हणाली, आणि दिवसभर त्या पिना उरायवानच्या पोटरीला टोचत राहिल्या. संध्याकाळी खोलीवर येऊन ती एकेक पीन नखानं उपसत बसली तेव्हा तिला राग आला. जिन्याचा यायला हवा होता, तो आला आईचा. त्या रागाला काही ताळतंत्र नव्हतं हे तिलाही कळत होतं, पण राग कळून थोडाच जातो. उत्तरेकडच्या आख्ख्या नान गावात बुआखाम विणकरीण म्हणून जिचं नाव, जिच्या मागापुढं पाहुणे कॅमेरे घेऊन ओणवे होत, तिच्या पोटच्या पोरीकडं तिच्या हातचं एकच कापड असावं, आणि तेही जिन्यानं खावं. आता तिनं ते नीट करून द्यायचं. चार बोटांचा काठ तो काय. द्यायचं म्हणजे द्यायचंच. आईला न कळवता तिनं शनिवारच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढलं.

विमानतळ ते घर हे अंतर पायी तोडता येण्यासारखं, आणि नेहमी तोडताना ती ओळखीची घरं मोजत यायची. या वेळी मोजायला फारशी घरं उरली नव्हती. प्रत्येक पडवीचं दुकान झालं होतं. चांदीच्या वाट्या, हातमागाच्या पिशव्या, नदीतल्या शर्यतीच्या होड्यांची नागतोंडी डोकी खेळण्याएवढी करून टांगलेली. जुन्या विहारासमोर भिंतीवरची चित्रं बघायला रांग होती आणि रांगेतली माणसं छत्र्या उघडून उभी होती. एक दुकानदार तिला बघून पुढं आला. “या ना पाहुण्या, या. अस्सल हातमाग, आमच्या आज्या विणतात,” तो बँकॉकच्या गोडगोड भाषेत म्हणाला. तिनं त्याला इथल्या बोलीत सांगितलं की बाबा रे, मी इथलीच, पाण्याच्या टाकीमागं माझं घर. त्याचा चेहरा खुलला. “अरे वा! किती छान बोलता तुम्ही आमची बोली! कुठं शिकलात?” तो पुन्हा बँकॉकच्याच भाषेत म्हणाला. पुढं एका जोडप्यानं तिच्या हातात फोन देऊन आपला फोटो काढायला लावला. तिनं काढला. तो वाकडा आला म्हणून त्यांनी पुन्हा काढायला लावला. नदीवर ढोल वाजत होता, होड्यांचा सराव चालला होता, वल्ही एकदम पाण्यात पडत होती आणि एकदम बाहेर येत होती, आणि तिला वाटलं की या गावात सगळ्यांना आपापलं काम माहीत आहे, आपल्यालाच तेवढं इथं काय करायचं ते माहीत नाही.

आई खांबांवर उभ्या घराखाली, मागावर होती. ती उठली नाही. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि विचारलं, “जेवलीस का?” कुणीही आलं की हेच. गेल्या वर्षी पाणीमीटर वाचायला आलेल्या माणसालाही तिनं हेच विचारलं होतं आणि तो बिचारा खरंच जेवायला बसला होता. आईची धाकटी बहीण सीनुआन मावशी पाठीमागं टोपल्या विणत बसली होती. तिनं मात्र हातातलं टाकून टाळी वाजवली. “बघ, बघ, आली की नाही! उद्या चिठ्ठ्यांचा रविवार, आणि आज आली. मी म्हणत होते ना?” उद्या विहारात मेलेल्यांच्या नावानं चिठ्ठ्यांचं दान आहे हे उरायवानच्या ध्यानीमनीही नव्हतं. शहरात कसले ते दिवस लक्षात राहतात. मावशी मात्र तिच्या येण्याचं सगळं श्रेय पुण्याईला देऊन मोकळी झाली होती, त्यामुळं फाटक्या सिनची गोष्ट काढताना उरायवानला आपण फारच क्षुल्लक कामाला आल्यासारखं वाटू लागलं, आणि तसं वाटतंय म्हणून आणखी चीड आली.

मागावर पताका होती. पांढरी, मधे मधे लाल पट्टे, ठरावीक अंतरावर बांबूच्या पातळ कामट्या घातलेल्या. अशी पताका विहारात दिली की मेलेल्या माणसानं तिचं शेपूट धरायचं आणि वर चढत जायचं. वडील गेले तेव्हा आईनं नऊ हात विणली होती. भाऊ मोटरसायकलवरून गेला एकोणिसाव्या वर्षी, त्याच्यासाठी अकरा हात, कारण अपघातात गेलेल्याला लांब चढायचं असतं म्हणे. मग दर वर्षी कुणाला ना कुणाला. आजीला, आजीच्या बहिणीला, एका वर्षी तर शेजारच्या सेंगला, जो आयुष्यभर यांच्याच कोंबड्या चोरून खात होता. “त्याचं कोण आहे बाई,” आई म्हणाली होती. मेलं की आईकडून काहीतरी मिळतं, हे उरायवानला लहानपणापासून पाठ झालेलं होतं. जिवंत असेपर्यंत मात्र रांगेत उभं राहायचं, आणि रांग कधी सरकायची नाही. तिनं पिशवीतून सिन काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

आईनं ते दोन्ही हातांनी चाचपलं. बोटं फाटक्या कडेवरून इकडून तिकडं गेली, मग परत आली. “चार बोटं गेलाय,” ती म्हणाली.

“तेच म्हणते मी. तेवढा काठ विणून दे. सोमवारपर्यंतच हवा असं नाही, पण दे.”

“डोळे गेले गं माझे.”

“आणि हे काय चाललंय मग?” उरायवाननं पताकेकडं हात केला. “हे डोळ्यांनी नाही विणत?”

“हे वेगळं.”

“वेगळं कसं? मेलेल्यांसाठी डोळे आहेत, माझ्यासाठी नाहीत.”

“भांडायला आलीस का विमानानं?” मावशी मधे पडली. “बाजारातून आण की एखादा काठ, मी टाके घालून देते. आताशा मशीनचे इतके सुरेख मिळतात, बुआखामलासुद्धा ओळखू यायचे नाहीत.” यावर आई हसली. दोघी बहिणी हसल्या. उरायवान वर गेली, भावाच्या जुन्या खोलीत जाऊन पालथी पडली आणि सेहेचाळीस वर्षांच्या बाईला शोभणार नाही इतका वेळ तशीच राहिली.

खालून फणीचा ठोका येत होता. दोन ठोके, थांबणं, दोन ठोके. या ठोक्यांवर ती वाढली होती, आणि मागाला हात लावायचा नाही हेही या ठोक्यांबरोबरच शिकली होती. नऊ वर्षांची असताना आई बाजारात गेलेली बघून ती मागावर बसली होती. पाय पट्ट्यांवर पोचेनात म्हणून अर्धी घसरून बसली, धोटा टाकला, परत टाकला, आणि घामाघूम होऊन बोटभर कापड विणलं. वाकडंतिकडं, पण कापड. ते बोटानं पुन्हा पुन्हा चाचपत ती तिथंच बसून राहिली होती. आई आली. ओरडली नाही, मारलं नाही. तिनं सुई घेतली आणि ते बोटभर कापड एकेक धागा करून उसवलं. मग म्हणाली, “मागावर बसलेली पोर मागावरच म्हातारी होते. पुस्तक घे.” पोरीनं पुस्तक घेतलं ते घेतलंच. शाळेत पहिली आली, बँकॉकला गेली, लोकांच्या नुकसानीचे कागद वाचू लागली. आईचं काय चुकलं होतं? काहीच नाही, म्हणून तर तिच्यावर रागावायला कुठून सुरुवात करायची तेच उरायवानला सापडत नव्हतं. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या सगळ्यांकडून स्वतःच्या विम्याचे कागद नवे करून मागितले होते. वारस म्हणून तिनं आईचं नाव लिहिलं. समोरचा पोरगेला कारकून अडखळला. “ताई, म्हणजे, यांचं वय चौऱ्याहत्तर. तुमच्या मागं राहील असं कुणी?” ती म्हणाली बघते, आणि रकाना कोरा ठेवला. अजून कोराच होता. माणसाच्या मागं कुणी राहावं लागतं, नाहीतर कागद पुढं सरकत नाही, हे ती इतरांना रोज सांगत होती.

संध्याकाळी ठोके थांबले. मावशीनं हाक मारली, चिकटभात आणि मिरचीची चटणी पानात वाढली, उकडलेल्या भाज्या ठेवल्या. आईनं भाताचा गोळा अचूक चटणीत बुडवला, अचूक पाण्याचा पेला उचलला, उठून अचूक पायऱ्या चढली. डोळे गेले म्हणे! उरायवान तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होती, खोट्या दाव्याचा माणूस लंगडायचं विसरतो का ते बघावं तशी, आणि आई एकदाही अडखळली नाही. बरं वाटलं तिला. निदान आपण फसत नाही, एवढं तरी.

रविवारी विहाराचं अंगण टोपल्यांनी भरून गेलं होतं. तांदूळ, मीठ, साबण, सुकी मासळी, उदबत्त्या, टॉवेल, जो वर गेलाय त्याला तिथं जे जे लागेल ते. कुणा आजोबांसाठी तपकिरीची डबी होती, कुणा तरुण पोरासाठी फुटबॉल. प्रत्येक टोपलीची एक चिठ्ठी. कुणी दिलं, कुणासाठी दिलं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कालवून भन्त्यांमधे वाटल्या जातात आणि मग सगळं गाव आपली चिठ्ठी कुठल्या भन्त्यांकडं गेली ते शोधत हिंडतं. सापडली की त्यांच्यापुढं बसायचं, ते वाचतात, आशीर्वाद म्हणतात, आपण पाणी सोडायचं. दहा गावांचे भन्ते आले होते, साठ तरी असतील, मंडपात, वडाखाली, पायऱ्यांवर बसलेले. मावशीला गुडघ्यामुळं हिंडता येईना, ती टोपल्यांपाशी बसली. पताका गुंडाळून उरायवानच्या खांद्यावर आली आणि आई दंडाला.

“भन्ते, बुआखामची चिठ्ठी आहे का तुमच्याकडं?” “नाही बाई, पुढं बघा.” “भन्ते, बुआखाम, पाण्याच्या टाकीमागची?” “बुआछान आहे, चालेल?” एका म्हाताऱ्या भन्त्यांनी विनोद केला आणि भोवतीची माणसं हसली. ऊन वाढत होतं. पाहुणे मधे मधे येऊन फोटो काढत होते. आई पावलं फार हळू टाकत होती, मुद्दाम टाकत असावी असं उरायवानला वाटलं, पुण्यकर्म लांबवायला. “आई, उचल की पाय,” ती दोनदा म्हणाली. वडाखाली एक आसन रिकामं होतं, त्यावरचे भन्ते नुकतेच उठून पाणी प्यायला गेले होते. आई त्या आसनापुढं थांबली, गुडघे टेकून बसली, तीनदा डोकं टेकवलं आणि हात जोडून रिकाम्या उशीला म्हणाली, “भन्ते, बुआखामची चिठ्ठी तुमच्याकडं आली का?”

शेजारच्या रांगेतली एक बाई हसू दाबत होती. उरायवान खाली बसली. “आई, तिथं कुणी नाही.”

“गेले होय उठून,” आई म्हणाली आणि सिन सावरू लागली.

“आई. तुला दिसतं का?”

“उजेड दिसतो.”

“कधीपासून?”

“झाला एक पावसाळा. घरातलं सगळं पायाखालचं असतं, तिथं काय लागतं दिसायला. इथली माणसं मात्र जागा बदलतात.”

“आणि ही पताका?”

“मोजून. कामटीपासून कामटीपर्यंत चाळीस धागे. लाल कांड्या डावीकडं, पांढऱ्या उजवीकडं, सीनुआन लावून द्यायची. तुझ्या काठाला सात रंग गं. पाण्याची नक्षी मोजून होत नाही, ती बघावीच लागते.” मग ती म्हणाली, “चुकले असेन बघ बऱ्याच ठिकाणी.”

उरायवाननं खांद्यावरच्या गुंडाळीकडं बघितलं. कालपासून तिनं तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. एका लाल पट्ट्यात मधेच पांढरं घुसलं होतं. एका जागी कामटी तिरकी बसली होती. खाली शेपटाकडं तर दोन बोटं कापड इतकं सैल होतं की आरपार दिसत होतं. नानच्या बुआखामच्या हातून असलं काम कधी गेलं नव्हतं, असलं ती उसवून टाकायची. आपल्याला काल एवढं कसं दिसलं नाही याची तिला लाज वाटली, आणि लाजेनं रागाची जागा घेतली असंही झालं नाही. दोन्ही एकमेकांना धक्के देत उभी राहिली. सांगायचं नाही का एका शब्दानं! फोनवर दर रविवारी जेवलीस का, झोपलीस का, आणि हे नाही. आता ओरडायचं तरी कुणावर?

चिठ्ठी सापडली ती पार मागं, ढोलाच्या खोलीच्या पडवीत, एका दूरच्या गावाहून आलेल्या जाड भिंगांच्या भन्त्यांकडं. सकाळपासून वाचून वाचून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांशी नेली. “बुआखाम यांनी ही टोपली आणि ही पताका दिली आहे. हे दान,” त्यांनी नाव जुळवलं, “उरायवान हिला पोचो. ती जिथं असेल तिथं तिला याचा आधार मिळो.” त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली आणि मोठ्या मायेनं उरायवानकडं बघितलं. ती रडवेली झाली आहे असं त्यांना वाटलं असावं. “कधी गेली ही? तुमची कोण लागायची?”

“मीच ती, भन्ते,” उरायवान म्हणाली.

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. भन्त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वतःसाठी आधी देऊन ठेवणारे पुष्कळ असतात, म्हातारेकोतारे, त्यात काही नवल नाही. पण दुसऱ्याच्या नावानं आलेली चिठ्ठी म्हटली की माणूस गेलेलाच असतो. “आजी,” ते आईला म्हणाले, “ही तर समोर बसलीय.”

“असू दे की,” आई म्हणाली. “नंतर कोण देणार तिला? मूल ना बाळ. भाऊ गेला. सीनुआनच्या मागंही कुणी नाही. मी आहे तोवर देऊन ठेवते. तिथं जमा राहील ना, भन्ते? की मुदत संपते?”

“राहील, राहील,” भन्ते घाईनं म्हणाले. “दान कुठं जात नाही.” आणि ते म्हणू लागले. आईनं चाचपून पाण्याची छोटी सुरई उचलली आणि उरायवानच्या हातात दिली. “तू ओत. तुझं आहे.” उरायवाननं ओतलं. वाटीत बारीक धार पडत होती, आणि तिला एवढंच कळत होतं की एक पावसाळाभर एक आंधळी बाई घराखाली बसून चाळीस चाळीस मोजत होती आणि ती मोजणी आपली होती. जिवंतपणी अंगाला लावायला एक चार बोटांचा काठ मागायला आपण आलो आणि आपल्याला मेल्यानंतर चढायला सात हात कापड मिळालं. हे प्रेम आहे हे तिला कळत होतं. ते असं का यावं, नेहमी असं आडवळणानं का यावं, हे कळत नव्हतं. गावादेखत आपण मूल ना बाळ झालो होतो, आणि गावादेखत आपल्याइतकं कुणाला काही मिळालंही नव्हतं. वाटी भरून पाणी चटईवर सांडलं तेव्हा भन्ते कधीच थांबले होते.

परतताना मावशी एका रिक्षात रिकाम्या टोपल्या घेऊन पुढं गेली. आईला चालायचं होतं. नदीकाठच्या रस्त्यानं दोघी निघाल्या. आईचं काम झालं होतं, ती खूश होती, आता तिची पावलं हलकी पडत होती आणि ती होड्यांचा आवाज ऐकून कुठली कुठल्या वाडीची ते सांगत होती. उरायवाननं आपली पावलं तिच्या पावलांशी जुळवली. मग तिनं विचारलं, “आणि तुझी?”

“माझी काय?”

“पताका. तुझी कुठाय? विणून ठेवलीस का?”

“माझी कशाला? ही शेवटचीच होती, आता बोटंही मोजताना विसरतात. आणि मला तू आहेस की.”

“मला विणता येत नाही, आई.”

“माहितीय मला,” आई म्हणाली. तिच्या आवाजात ना खंत ना काही. “विहाराच्या दारातच कागदाच्या मिळतात. रंगीत. वीतभर असतात, पण दिसायला बऱ्या असतात म्हणे. तू तसली एक घेऊन टाक माझ्या नावानं. मला तेवढी पुरे. माझं वजन ते काय!”

उरायवानला इतका राग आला की डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. तिनं आईचा दंड घट्ट धरला, आणि आणखी घट्ट.

“दुखतंय गं,” आई म्हणाली.

तिनं हात सैल केला नाही.